मरणाची आगाऊ मंजुरी

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी युद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या राष्ट्रांना तातडीचे आवाहन केले. नागरी वस्तीवर आणि असंरक्षित शहरांवर विमानांतून बॉम्ब टाकणार नाही असे वचन प्रत्येकाने जाहीरपणे द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. ब्रिटन आणि फ्रान्सने होकार दिला. जर्मनीनेही दिला, मात्र त्याच पहाटे जर्मन विमानांनी वेलून हे पोलिश गाव उद्ध्वस्त केले होते. पुढे साडेपाच वर्षांनी, ९ मार्च १९४५ च्या रात्री, याच रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत अमेरिकेची २७९ बी-२९ विमाने टोकियोवर गेली आणि उजाडेपर्यंत सुमारे एक लाख माणसे जळून, गुदमरून, बुडून मेली.

नागरी बॉम्बफेकीला रानटीपणा म्हणणारे राष्ट्र इतक्या थोड्या अवधीत इथवर कसे पोहोचते, हे नीट पाहिले पाहिजे. कारण तीच वाटचाल आज पुन्हा सुरू आहे, आणि या वेळी ती अधिक सफाईने, अधिक कागदोपत्री चालली आहे.

सुरुवात एका अपवादाने झाली, आणि तो अपवाद आपल्या उपखंडाच्या वेशीवरचा होता. १९३३ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ब्रिटनने मसुदा मांडला: हवाई बॉम्बफेक जगातून पूर्णपणे बंद व्हावी. फक्त काही दूरच्या प्रदेशांत पोलिसी कामासाठी तिची मुभा असावी. हे दूरचे प्रदेश म्हणजे इराक, एडन आणि हिंदुस्थानची वायव्य सरहद्द. सारा थकवणाऱ्या, बंड करणाऱ्या टोळ्यांची गावे, गुरे आणि शेते विमानांतून बेचिराख करणे हा ब्रिटिशांच्या लेखी कमी खर्चाचा बंदोबस्त होता. पठाणाच्या मातीच्या घराला जो नियम लागू नाही तो लंडनच्या विटांच्या घराला लागू राहील, असा विश्वास त्या मसुद्यामागे होता. इराकमध्ये विमानांची तुकडी चालवलेले आर्थर हॅरिस पुढे जर्मनीवरील बॉम्बफेकीचे सेनापती झाले. दुबळ्यांसाठी ठेवलेला अपवाद एका पिढीच्या आत युरोपच्या मध्यावर येऊन आदळला.

दुसरे कारण तांत्रिक होते. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या सचिवालयातील डेव्हिड बट यांनी रात्रीच्या हल्ल्यांची छायाचित्रे तपासून अहवाल दिला. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. जर्मनीतील रूरच्या धुरकट औद्योगिक पट्ट्यात तर दहातले एक. या अहवालातून दोन मार्ग निघत होते: अशी बॉम्बफेक थांबवायची, किंवा लक्ष्य इतके मोठे करायचे की चुकणेच अशक्य व्हावे. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने दुसरा मार्ग धरला. शत्रूच्या नागरी जनतेचे, विशेषतः कारखान्यांतील कामगारांचे, मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य ठरले. नेम कशावर धरायचा याची शंका राहू नये म्हणून हवाई दलप्रमुखांनी लेखी खुलासाही केला की नेम वस्तीवर धरायचा, गोद्यांवर किंवा विमानांच्या कारखान्यांवर नाही.

हे हिटलरशी लढणारे सरकार होते आणि रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री ही शहरे जर्मनीने आधी जाळली होती. ब्रिटनमध्ये १९४०-४१ च्या जर्मन हवाई हल्ल्यांत चाळीस हजारांवर नागरिक मेले होते. दोन्ही बाजूंचे पाप सारखे, असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नाझींचा पराभव व्हायलाच हवा होता. पण जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले तेव्हा तळघरांत गुदमरून मेलेल्या हजारोंमध्ये बायका, पोरे आणि म्हातारी माणसेच जास्त होती. तरणे पुरुष आघाडीवर होते. त्या मुलांनी कोणाला मत दिले होते?

हा प्रश्न त्या काळी विचारणारा माणूस होता. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल ब्रिटनच्या उमरावांच्या सभागृहात उभे राहिले आणि संपूर्ण शहरे नष्ट करण्याचे हे धोरण कोणत्या न्यायात बसते, असे त्यांनी सरकारला विचारले. बेल हे नाझींचे सुरुवातीपासूनचे विरोधक, जर्मनीतील हिटलरविरोधी धर्मगुरूंचे मित्र. त्यामुळे त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे नव्हते, तरी टीका झालीच. त्याच वर्षी कँटरबरीच्या आर्चबिशपचे पद रिकामे झाले आणि ते दुसऱ्याकडे गेले. वर्षभराने ड्रेस्डेन जळाले. २८ मार्च १९४५ रोजी चर्चिल यांनी स्वतःच एक टिपण लिहिले: वेगवेगळ्या सबबींखाली निव्वळ दहशत वाढवण्यासाठी चाललेल्या या बॉम्बफेकीचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. सेनाधिकारी नाराज झाले, टिपण मागे घेतले गेले, आणि सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले गेले. पंतप्रधानाला जे खरे वाटले ते त्याच शब्दांत कायम ठेवू दिले गेले नाही.

टोकियोच्या रात्रीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण हिरोशिमाच्या सावलीत ती झाकली गेली आहे. या हल्ल्याचे सेनापती कर्टिस लीमे यांनी विमाने नेहमीच्या उंचीऐवजी पाच ते नऊ हजार फुटांवरून नेली, त्यांवरच्या बहुतेक तोफा उतरवून त्या वजनाचे जास्त बॉम्ब भरले. बॉम्ब नापामचे होते: घट्ट केलेले पेट्रोल, चिकटले की सुटत नाही. लक्ष्य होते सुमिदा नदीच्या दोन्ही काठांवरचा लाकडी घरांचा, कारागिरांचा, अतिशय दाट वस्तीचा भाग. त्या रात्री जोराचा वारा होता. लोक कालव्यांकडे आणि पुलांकडे धावले. पुलांवर दोन्ही तीरांचे लोंढे समोरासमोर अडकले आणि आग दोन्हीकडून आली. सकाळपर्यंत ४० चौरस किलोमीटरहून अधिक शहर राख झाले, दहा लाख माणसे बेघर झाली. जपानने स्वतः चीनमधील चुंगकिंगवर वर्षानुवर्षे बॉम्ब टाकले होते, हेही खरे. पण टोकियोच्या असाकुसा भागातल्या शिंपिणीने ते टाकले नव्हते. युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटला चालला असता, असे लीमे म्हणाले होते, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या रॉबर्ट मॅकनमारा यांनी पुढे सांगितले. खटला चालला नाही. न्यूरेंबर्गमध्ये जर्मनांवरही शहरांच्या बॉम्बफेकीचे आरोप लावले गेले नाहीत, कारण ते लावले असते तर बोट फिरून विजेत्यांकडेच आले असते.

आणि एवढे करून काय साधले? युद्धानंतर अमेरिकेनेच केलेल्या पाहणीत आढळले की जर्मनीचे शस्त्रोत्पादन १९४४ पर्यंत वाढतच गेले होते. तेलाचे कारखाने आणि रेल्वे यांवरील हल्ल्यांनी शत्रूचे कंबरडे मोडले. घरे जाळून ते मोडले नाही.

कायदा उशिरा आला. १९४९ च्या जिनिव्हा करारांत हवाई हल्ल्यांविषयी फारसे काही नाही. १९७७ च्या अतिरिक्त प्रोटोकॉलने प्रथम स्पष्ट केले की नागरिकांना लक्ष्य करता येणार नाही. लष्करी लक्ष्यावर हल्ला करतानाही अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी होणार असेल तर तो हल्ला करता येणार नाही. आणि हल्ल्याआधी शक्य ती सारी खबरदारी घ्यावी लागेल. एका बाजूने कायदा मोडला म्हणून दुसरीची सुटका होत नाही, हेही त्यात आहे. मात्र अवाजवी म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नाही. सांगता येणेही कठीण होते. त्या मोकळ्या जागेत आकडे येऊन बसले.

२००३ च्या इराक युद्धात अमेरिकी लष्कराकडे असा आकडा होता: तीस. एखाद्या हल्ल्यात तीसपर्यंत नागरिक मरतील असा अंदाज असेल तर सेनाधिकारी आपल्या पातळीवर निर्णय घेऊ शकत होते. त्याहून जास्त मरणार असतील तर फाइल संरक्षणमंत्र्यांपर्यंत जायची. अशी पन्नासाहून अधिक लक्ष्ये मंजुरीसाठी गेली आणि सगळीच मंजूर झाली, असे हवाई कारवाईचे प्रमुख जनरल मायकेल मोझली यांच्या हवाल्याने न्यूयॉर्क टाइम्सने जुलै २००३ मध्ये छापले. ५ एप्रिल २००३ रोजी बसऱ्यातील एका वस्तीत सद्दाम हुसेनच्या राजवटीतला 'केमिकल अली' लपला आहे अशा खबरीवरून बॉम्ब टाकले गेले. शेजारच्या घरांतले सतरा नागरिक मेले. त्यांत एका म्हाताऱ्याच्या कुटुंबातली दहा माणसे होती. केमिकल अली मेल्याचे जाहीर झाले; तो ऑगस्टमध्ये जिवंत पकडला गेला आणि २०१० मध्ये फासावर गेला. ह्युमन राइट्स वॉचने डिसेंबर २००३ मध्ये हिशेब मांडला: इराकी नेत्यांना टिपण्यासाठी केलेल्या पन्नास हल्ल्यांपैकी एकही यशस्वी झाला नव्हता.

बसऱ्यात सतराच मेले, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या आतच होते. नियम मोडला गेला नाही. आमच्या मते सर्वांत भयंकर गोष्ट हीच आहे. १९४२ मध्ये नेम लागत नव्हता म्हणून लक्ष्य मोठे केले. आज नेम लागतो म्हणून लक्ष्यांची संख्या वाढली आहे. पूर्वी सेनापती दाट वस्तीतल्या एका माणसासाठी विमान पाठवायला कचरला असता. आता बॉम्ब नेमका खिडकीतून जातो, मग खिडकीआड कोण आहे याची चौकशी कशाला, अशी वृत्ती बळावते. अस्त्र अचूक असते, पण खबर तितकी अचूक असेलच असे नाही.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा जवळपास आठ तास पाठलाग केला. गाडीत भरलेले कॅन स्फोटकांचे आहेत असे पडद्यावर पाहणाऱ्यांना वाटले. कॅनमध्ये पाणी होते. गाडीचा चालक एका अमेरिकी मदतसंस्थेत काम करणारा माणूस होता आणि घरच्यांसाठी कचेरीतून पाणी भरून आणत होता. गाडी अंगणात शिरली आणि क्षेपणास्त्र पडले. दहा माणसे मेली, त्यांतली सात मुले. सेनादलांच्या प्रमुखांनी तो हल्ला न्याय्य होता असे सांगितले. वार्ताहरांनी घर गाठले, कॅन पाहिले, आणि तीन आठवड्यांच्या आत लष्कराला चूक कबूल करावी लागली. शिक्षा कोणालाही झाली नाही. काबूल त्या दिवसांत पत्रकारांनी भरलेले होते म्हणून एवढे तरी कळले. इराकमधील मोसुलच्या पश्चिम भागात मार्च २०१७ मध्ये छपरावरच्या दोन नेमबाजांसाठी एक बॉम्ब पडला आणि खाली आसरा घेतलेले शंभरावर नागरिक गाडले गेले. इमारतीत आयसिसने ठेवलेली स्फोटके होती म्हणून ती कोसळली, असा अमेरिकी चौकशीचा निष्कर्ष निघाला. घराबाहेर पडू नका, अशी पत्रके त्या शहरावर इराकी सरकारनेच टाकली होती.

गाझात हा आकड्यांचा कारभार परमोच्च बिंदूला पोहोचला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशे ओलीस नेली. तो उघड नरसंहार होता आणि त्याचा निषेध करताना कुणाची जीभ अडखळू नये. त्याच दिवशी इस्रायली लष्कराने आदेश काढला आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांनाही एकेका हल्ल्यात वीसपर्यंत नागरिकांचा बळी जाण्याची जोखीम घेण्याची मुभा मिळाली, असे इस्रायली अधिकाऱ्यांशी बोलून पत्रकारांनी २०२४ मध्ये उघड केले. नियम बदलल्याचे लष्कराने नाकारले नाही. ते कायद्याच्या चौकटीतच होते एवढेच म्हटले. संशयितांच्या याद्या संगणक काढत होता. दाटीवाटीच्या निर्वासित वस्त्यांवर प्रत्येकी नऊशे किलोंचे बॉम्ब पडले. गाझाच्या आरोग्य खात्यानुसार जुलै २०२५ मध्ये मृतांचा आकडा साठ हजारांपलीकडे गेला. त्यांत हमासचे लढवय्येही आहेत. आणि मुले हजारोंनी आहेत.

हमास लोकांच्या आड लपते, हे उत्तर नेहमी मिळते. लपते, आणि तो त्यांचा गुन्हा आहे. पण दरोडेखोराने पोराला ढाल केले म्हणून पोलिसाने पोरासकट गोळी घातली तर आपण त्या पोलिसाला निर्दोष म्हणू का? युक्रेनमध्ये तर आड लपण्याचाही प्रश्न नव्हता. मार्च २०२२ मध्ये मारियुपोलच्या नाट्यगृहात शेकडो लोक आसऱ्याला होते. वैमानिकाला दिसावे म्हणून इमारतीच्या पुढे आणि मागे जमिनीवर रशियन भाषेत 'मुले' असे अवाढव्य अक्षरांत लिहिले होते. तरी बॉम्ब पडला.

धोक्याची घंटा वाजवण्याचे कारण असे की जे थोडेफार कुंपण उभे राहिले होते तेही आता उपटले जात आहे. काबूलच्या घटनेनंतर अमेरिकेने २०२२ मध्ये नागरी हानी टाळण्याचा कृती आराखडा आखला, त्यासाठी केंद्र उभारले. २०२५ मध्ये तेच मोडीत काढण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत लष्कराच्या आणि हवाई दलाच्या मुख्य विधी अधिकाऱ्यांना पदावरून दूर केले गेले. हल्ल्याआधी तो कायद्यात बसतो की नाही हे सांगणारी माणसे या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात. मार्चमध्ये लिथुआनिया क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या करारातून बाहेर पडला. त्या करारातून बाहेर पडणारे ते पहिले राष्ट्र. रशियाच्या भीतीने हे झाले, आणि ती भीती खोटी नाही. पण १९३९ नंतरचे प्रत्येक पाऊलही खऱ्या भीतीपोटीच पडले होते.

हे सारे दूरचे आहे, असे आपण म्हणू शकत नाही. ५ मार्च १९६६ रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मिझो बंडखोरांविरुद्ध ऐझॉलवर हल्ला चढवला, दुसऱ्या दिवशीही. बरेचसे लोक आधीच पळून गेल्यामुळे मृत्यू थोडे झाले, पण गाव जळाले. स्वतःच्याच नागरिकांच्या गावावर बॉम्ब टाकल्याचे सरकारने दीर्घकाळ मान्य केले नाही. २०२३ मध्ये लोकसभेत विषय निघाला तो पक्षीय भांडणापुरता.

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांतले सहा महाराष्ट्रातले होते; त्यांच्या घरांतला आक्रोश आपण ऐकला. त्या रागात मे महिन्यात पाकिस्तानातील दहशतवादी तळांवर हल्ले झाले. ते मोजूनमापून केले असे सरकारने सांगितले, आणि नागरिक मेल्याचा दावा पाकिस्तानने केला. पाकिस्तानी तोफांनी पुंछमध्ये डझनाहून अधिक नागरिक मारले. आणि त्याच दिवसांत आपल्या काही वाहिन्यांच्या पडद्यांवर कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी जल्लोषात चालली होती. कराचीत कोट्यवधी लोक राहतात. शहर बेचिराख झाल्याच्या बातमीवर टाळ्या पडतात, तेव्हा सेनापतीने मंजुरीचा आकडा वाढवला तर त्याला थांबवणार कोण?

शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र मराठी माणूस अभिमानाने सांगतो. कुणब्यांचा दाणा, गवत, भाजीपाला बळाने घेऊ नका, एवढेच ते सांगत नाही. रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने त्या पत्रात खबरदारी सांगितली आहे. याच मराठ्यांच्या घोडदळाने पुढे १७४० च्या दशकात बंगालची खेडी लुटली, जाळली, आणि तिथल्या आया आजही अंगाईत बर्गींचे, म्हणजे याच मराठा स्वारांचे, भय सांगतात. दोन्ही वारसे आपलेच आहेत. पुढे कोणता चालवायचा, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

भारताने १९४९ चे जिनिव्हा करार स्वीकारले, १९७७ चा पहिला प्रोटोकॉल नाही. दाट वस्तीत स्फोटकांचा वापर रोखण्यासाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिन येथे ऐंशीहून अधिक राष्ट्रांनी मान्य केलेल्या जाहीरनाम्यावर भारताची सही नाही. पाकिस्ताननेही केलेली नाही, अमेरिकेने प्रोटोकॉल मंजूर केला नाही, ही उत्तरे तयार असतील. पण आपल्या सेनादलांच्या शिस्तीवर आपला विश्वास असेल, तर लेखी बंधनाला घाबरण्याचे कारण काय? हल्ल्यात नागरिक मेल्याचा आरोप झाला तर त्याची चौकशी कोण करणार, तिचा अहवाल प्रसिद्ध होणार की नाही, मृतांच्या वारसांना काय मिळणार, याविषयीचे धोरण जाहीर झाले पाहिजे. एका हल्ल्यात किती निरपराध माणसांचे मरण चालेल असा आकडा आपल्याकडेही कुठल्या फाइलीत आहे का, हे जनतेला कळलेच पाहिजे.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांतल्या एकाने तरी येत्या अधिवेशनात संरक्षणमंत्र्यांना हा प्रश्न लेखी विचारावा, आणि वाचकांनी आपापल्या खासदाराला तसे पत्र याच आठवड्यात पाठवावे.